बृहत् आज्ञावलीची सूची : कोड-एडिटरच्या मांडणीचा इतिहास आणि महाराष्ट्रातील अभ्यासपरंपरा

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकविद्येच्या इतिहासात यंत्रांची, भाषांची व त्यांच्या निर्मात्यांची नोंद तपशीलवार सापडते. परंतु ज्या साधनात आज्ञावली प्रत्यक्ष लिहिली, वाचली आणि दुरुस्त केली जाते त्या एडिटरची नोंद बहुधा तळटीपेपुरतीच असते. ग्रंथकाराची थोरवी सांगताना त्याच्या बोरूची चर्चा कोणी करीत नाही, त्यातलाच हा प्रकार होय. लहान आज्ञावलीपुरते पाहिले तर ही उपेक्षा क्षम्यही ठरावी. शेदोनशे ओळींचा प्रोग्राम कोणत्याही एडिटरमध्ये लिहिता येतो आणि तो एका बैठकीत वाचून संपविता येतो. परंतु आज्ञावली लाखो ओळींची झाली आणि ती शेकडो हातांनी लिहिली जाऊ लागली, म्हणजे एडिटर हे केवळ लेखनाचे साधन राहत नाही. ते शोधाचे व पर्यायाने प्रवेशाचे साधन बनते.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा फरक विस्ताराने सांगण्याची गरज नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील एखादे मोडी पत्र वाचता येणे ही एक गोष्ट, आणि हजारो रुमालांतून नेमके तेच पत्र हाती येणे ही अगदी निराळी गोष्ट. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्या कार्याचे मोल कागदांच्या वाचनाइतकेच त्यांच्या निवडीत व वर्गवारीत आहे. लिपी अवगत असूनही दफ्तराची रचना ठाऊक नसलेला अभ्यासक उंबरठ्यावरच थांबतो. प्रचंड आज्ञावलीपुढे उभ्या राहिलेल्या नवख्या प्रोग्रामरची स्थिती हीच असते. भाषा येते, परंतु वाट सापडत नाही.

एडिटरच्या मांडणीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. अक्षरांचा आकार, रंगसंगती, कळींची योजना या बाबी व्यक्तीच्या सवयीच्या होत. याउलट एखाद्या नावाची व्याख्या कोठे आहे, त्याचा वापर कोठकोठे झाला आहे, कोणती फाईल कोणत्या परिस्थितीत कम्पाइल होते, ही माहिती व्यक्तीची नसून प्रकल्पाची असते. ही दुसऱ्या प्रकारची माहिती गेल्या सुमारे ५० वर्षांत क्रमाक्रमाने व्यक्तीच्या स्मृतीतून प्रकल्पाच्या लेखी संग्रहात आली, असे या इतिहासाचे अवलोकन केले असता दिसते. मात्र हे स्थलांतर आपोआप झाले नाही. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी बसून प्रकल्पाची रचना नोंदवावी लागली. जेथे ती नोंद झाली नाही तेथे जाणत्याच्या शेजारी बसलेल्यालाच वाट सापडली. काष्टीसारख्या गावातून संगणकविद्या शिकणारा विद्यार्थी बाहेर राहिला. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच आहे.

२. एडिटरपूर्व काळ

भारतातील आज्ञालेखनाच्या आरंभीच्या इतिहासात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे स्थान अग्रभागी आहे. तेथे बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. या काळात आजच्या अर्थाने एडिटर नव्हता. आज्ञावली छिद्रित पत्त्यांवर उतरविली जाई. एका पत्त्यावर ८० स्तंभ आणि साधारणतः एका पत्त्यावर एक ओळ, अशी योजना होती. दुरुस्ती करणे म्हणजे गठ्ठ्यातील चुकीचा पत्ता काढून त्या जागी नवा घालणे. फोरट्रान भाषेत पत्त्याचे शेवटचे ८ स्तंभ कम्पायलर वाचीत नसे. तेथे अनुक्रमांक घालण्याची प्रथा होती, ती गठ्ठा हातून निसटून विखुरला तर पुन्हा क्रमाने लावता यावा म्हणून.

या काळात वाचन होई ते छापील यादीचे. कम्पायलर आज्ञावलीच्या अखेरीस तीत आलेल्या नावांची तालिकाही छापून देई. ही तालिका म्हणजे पुढील काळातील सर्व सूचींचे मूळ होय. यंत्राला स्वतःच्या कामासाठी करावी लागणारी नावांची नोंद मनुष्याच्या वाचनालाही उपयोगी पडते, ही गोष्ट या छापील तालिकेने प्रथम दाखवून दिली. पत्त्याच्या ८० स्तंभांची मर्यादाही पत्त्यांबरोबर संपली नाही. ती पडद्यांच्या रुंदीत उतरली, तेथून लेखनशैलीच्या नियमांत गेली, आणि लिनक्सच्या तपासणी-साधनात ओळीची मर्यादा ८० वरून १०० अक्षरांवर नेली गेली ती थेट २०२० मध्ये. साधने जातात, त्यांनी घालून दिलेल्या सवयी दीर्घकाळ टिकतात.

३. पडदा आला, सूची आली

पडद्यावर संपादन सुरू झाले तेव्हा प्रारंभी एडिटर ओळीपुरताच विचार करीत असे. युनिक्सवरील केन थॉम्पसन यांचा ईडी हा एडिटर १९६९ मधील. त्याआधी १९६० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत डॅन मर्फी यांनी एमआयटीमध्ये टेको हा एडिटर रचला होता. पुढे डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या यंत्रांवर त्याचा प्रसार झाला. टेकोच्या आज्ञा इतक्या त्रोटक व गूढ होत्या की वाचणाऱ्याला त्या कूटलिपीसारख्या वाटत. परंतु त्या आज्ञा एकत्र बांधून नवी आज्ञा करता येत असे, हे त्याचे सामर्थ्य होते. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत पीडीपी-१० या यंत्रावर अशाच बांधलेल्या आज्ञांच्या संग्रहातून १९७६ मध्ये ईमॅक्सचा जन्म झाला. त्यात रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांचा प्रमुख वाटा होता. त्याच सुमारास बर्कले येथे बिल जॉय यांनी व्हीआय हा पडदा-एडिटर सिद्ध केला.

मुंबईत टाटा संस्थेच्या परिसरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास व संगणनतंत्र केंद्रात १९७० नंतरच्या दशकात याच पीडीपी-१० च्या कुळातील डीईसी-१० हे यंत्र होते. अनेकांनी एकाच वेळी वापरावयाच्या यंत्रावर मोठी आज्ञावली उभारण्याचा अनुभव महाराष्ट्रातील अभ्यासकांना ज्या ठिकाणी मिळाला त्यांत या केंद्राचा समावेश होतो. मथाई जोसेफ, व्ही. आर. प्रसाद व एन. नटराजन यांचा बहुप्रक्रियक ऑपरेटिंग सिस्टिमवरील इंग्रजी ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या केंद्रातील कामाचे फळ होय. ही सिस्टिम पास्कलवर आधारलेल्या, समांतर प्रक्रिया लिहिण्याची सोय असलेल्या भाषेत रचली होती. या ग्रंथाचे येथे महत्त्व असे की, मोठ्या आज्ञावलीची रचना परक्या वाचकाला समजावी अशा रीतीने मांडणे हे स्वतंत्र विद्वत्कार्य आहे, हे त्याने दाखविले. एडिटर मजकूर दाखवू शकतो. तो कोणत्या क्रमाने वाचावा हे सांगण्याचे काम तेव्हा ग्रंथालाच करावे लागत होते.

या कामाचा एक भाग बर्कले युनिक्सबरोबर आलेल्या सीटॅग्स या साधनाने यंत्राकडे सोपविला. केन अर्नोल्ड यांनी लिहिलेले हे साधन सर्व फाईली वाचते आणि प्रत्येक फंक्शनच्या नावापुढे दोन गोष्टी नोंदविते : ते ज्या फाईलमध्ये आहे तिचे नाव आणि त्या फाईलमध्ये नेमके स्थळ शोधण्याची खूण. ही खूण बहुधा ओळीचा क्रमांक नसून त्या ओळीचा मजकूरच असतो. त्यामागील विचार सूक्ष्म आहे. आज्ञावलीत वर चार ओळी वाढल्या की खालचे सर्व क्रमांक चुकतात. मजकुराची खूण मात्र कायम राहते. शिवाय सूची अकारविल्हे लावलेली असल्याने एडिटरला ती सबंध वाचावी लागत नाही. मध्यावर पाहून अर्धा भाग सोडीत इष्ट नावापर्यंत थोडक्या पावलांत पोचता येते. अल्प स्मृतीच्या त्या यंत्रांवर ही काटकसर अत्यावश्यक होती.

सीटॅग्स म्हणजे ग्रंथाच्या अखेरीस असलेली नामसूची, असे म्हटल्यास बेल प्रयोगशाळेत १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत जो स्टेफन यांनी रचलेले सीस्कोप हे उलट्या दिशेचीही सूची होय. एखादे फंक्शन कोठे आहे एवढेच नव्हे, तर त्याला कोण कोण बोलावते, हेही ते सांगते. मोठ्या आज्ञावलीत बदल करणाऱ्याला हा दुसरा प्रश्न अधिक भेडसावतो. एका ठिकाणी केलेली दुरुस्ती कोणाकोणाला बाधेल, हे ठाऊक नसेल तर दुरुस्ती करण्याचे धैर्यच होत नाही. सीस्कोप २००० मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

साध्या शब्दशोधाने हे काम होत नाही काय, असा आक्षेप घेतला जातो. शब्दशोध अक्षरे शोधतो; नाव शोधत नाही. आरंभ या अर्थाचे एखादे नाव मोठ्या आज्ञावलीत हजारो ठिकाणी येते. त्यांतील व्याख्या कोणती, वापर कोणता, टिप्पणीतील उल्लेख कोणता, हे शब्दशोधाला कळत नाही. नाव व अक्षर यांतील हा भेद हाच सूचीचा प्राण आहे.

४. व्यक्तीची मांडणी आणि प्रकल्पाची मांडणी

१९८५ मध्ये ग्नू ईमॅक्स आणि १९९१ मध्ये ब्रॅम मोलेनार यांचा व्हिम हे एडिटर सार्वजनिक झाले. या दोहोंमुळे एडिटरची मांडणी हा स्वतंत्र लेखनप्रकारच बनला. प्रत्येक प्रोग्रामर आपली मांडणीची फाईल वर्षानुवर्षे जोपासू लागला. ती यंत्रामागून यंत्रावर त्याच्याबरोबर जाई. नवशिक्ये ज्येष्ठांची फाईल मागून नेत. या देवघेवीत गुरुपरंपरेचा गुण होता आणि तिचाच दोषही होता. ज्ञान होते, पण ते ज्याच्या त्याच्या घरी होते.

१९९१ मध्येच आरंभ झालेल्या लिनक्सच्या विकासात या प्रश्नाची सर्वांत बोधप्रद हाताळणी आढळते. पहिल्या आवृत्तीत सुमारे १० हजार ओळी असलेली ही आज्ञावली आता ३ कोटींहून अधिक ओळींची झाली आहे. तिच्या लेखनशैलीच्या दस्तऐवजात टॅबची रुंदी ८ अक्षरे ठरवून दिली आहे आणि ईमॅक्स वापरणाऱ्यांनी ही शैली पाळण्यासाठी कोणती मांडणी करावी, तिचा प्रत्यक्ष मजकूरही काहीशा थट्टेच्या सुरात दिला आहे. त्याच दस्तऐवजात दुसरीकडे असा निर्बंध आहे की, एडिटरला उद्देशून लिहिलेल्या सूचना मूळ फाईलींमध्ये घालू नयेत. कारण प्रत्येकाची स्वतःची मांडणी असते आणि प्रकल्पाच्या फाईलीने ती मोडू नये. ही दोन्ही कलमे एकत्र वाचली म्हणजे सीमारेषा स्पष्ट दिसते. आज्ञावली कशी दिसावी हे प्रकल्प ठरवील. ती कशातून पाहावी हे व्यक्ती ठरवील.

सूचीच्या बाबतीत मात्र लिनक्सने जबाबदारी स्वतःकडे घेतली. सूची करण्याची आज्ञा प्रकल्पाच्या बांधणीव्यवस्थेतच समाविष्ट झाली आणि तिच्यासाठी स्वतंत्र स्क्रिप्ट लिहिली गेली. याचे कारण असे की, सर्वसाधारण सूचीकाराला लिनक्समध्ये दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली ठेच यंत्ररचनांची. एकाच नावाचे फंक्शन निरनिराळ्या प्रक्रियकांसाठी निरनिराळ्या फाईलींत लिहिलेले असते. सर्वांची सूची केली तर वाचक भलत्याच यंत्राच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून सूची करताना यंत्ररचना सांगण्याची सोय करावी लागली. दुसरी ठेच मॅक्रोंची. ऑपरेटिंग सिस्टिमला विनंती करण्याची जी फंक्शने आहेत त्यांची पूर्ण नावे मजकुरात लिहिलेलीच नसतात. ती एका मॅक्रोच्या विस्तारातून उत्पन्न होतात. म्हणून अशी ओळ दिसली की तिच्यातून अमुक नाव तयार होते असे समज, हे नियम त्या स्क्रिप्टमध्ये हाताने लिहून ठेवले आहेत. सूची यंत्र करते. परंतु काय सूचीत यावे हे प्रकल्प जाणणाऱ्या मनुष्यानेच यंत्राला सांगितलेले असते.

या विवेचनाविरुद्ध एक उदाहरण नेहमी पुढे केले जाते. लिनक्सचे प्रवर्तक लिनस टोरवाल्ड्स स्वतः मायक्रोईमॅक्स या अगदी साध्या एडिटरची आपण सुधारलेली आवृत्ती वापरीत आले आहेत. तेव्हा मोठ्या प्रकल्पाला समृद्ध मांडणी लागतेच असे नाही, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः हे उदाहरण उलट गोष्ट सिद्ध करते. ज्याच्या डोळ्यांदेखत आज्ञावली १० हजार ओळींपासून वाढत गेली त्याच्या स्मृतीतच तिची सूची आहे. वाड्याच्या मालकाला वाड्याचा नकाशा लागत नाही. तो लागतो नव्याने आलेल्याला. मांडणीचे मूल्यमापन जाणत्याच्या सोयीवरून न करता नवागताच्या प्रवेशावरून केले पाहिजे.

५. पवई येथील जीसीसीचा अभ्यास

महाराष्ट्रात या प्रश्नाशी प्रदीर्घ व जाणीवपूर्वक झुंज दिली गेली ती पवईच्या आयआयटी मुंबईत, जीसीसी या कम्पायलरच्या निमित्ताने. तेथील डी. एम. ढमढेरे यांचे सिस्टिम्स प्रोग्रामिंगवरील पाठ्यपुस्तक महाराष्ट्रातील संगणक अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासिले. त्यात एडिटरचा विचार सॉफ्टवेअर-साधनांच्या प्रकरणात केला असून ओळ-एडिटर, प्रवाह-एडिटर, पडदा-एडिटर, शब्दसंस्कारक आणि रचना-एडिटर असे त्याचे प्रकार सांगितले आहेत. यांतील शेवटचा प्रकार येथे महत्त्वाचा. रचना-एडिटर मजकुराला अक्षरांची रांग न मानता आज्ञावलीची रचना मानतो. पुढे जे घडले त्याचे बीज या वर्गीकरणात आहे.

ढमढेरे यांच्यासह १९९४ मध्ये प्रवाह-विश्लेषणाच्या सामान्य सिद्धांतावर शोधनिबंध लिहिणारे उदय खेडकर यांनी पुढे आयआयटी मुंबईत जीसीसी अभ्यासकेंद्राचे काम उभारले. १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला जीसीसी हा जगातील सर्वाधिक वापरल्या गेलेल्या कम्पायलरांपैकी एक. परंतु त्याचा अंतर्भाग दुर्गम म्हणून ख्यात. खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्या २००९ मधील प्रवाह-विश्लेषणावरील ग्रंथात सिद्धांताबरोबर जीसीसीमध्ये प्रत्यक्ष विश्लेषक बसविण्याचाही भाग आहे. सिद्धांत शिकलेल्या विद्यार्थ्याला लाखो ओळींच्या त्या अरण्यात कोठे उभे राहून आपली भर घालावी हे कळावे, यासाठी केंद्राने कार्यशाळाही घेतल्या.

जीसीसीमध्ये साधी सूची का अपुरी पडते, हे पाहण्यासारखे आहे. या कम्पायलरचा काही भाग मनुष्याने लिहिलेलाच नसतो. प्रत्येक प्रक्रियकाचे वर्णन एका वेगळ्या वर्णनभाषेत लिहिलेले असते. कम्पायलर बांधताना लहान लहान सहायक आज्ञावली ते वर्णन वाचतात आणि त्यातून सी किंवा सी++ भाषेतील नव्या फाईली निर्माण करतात. या फाईली मूळ संग्रहात नसतात. त्या बांधणीच्या निर्देशिकेत जन्मतात. म्हणून मूळ संग्रहावर सीटॅग्स चालविणाऱ्याला एखाद्या फंक्शनचा वापर दिसतो, पण व्याख्या कोठेच सापडत नाही. अनभिज्ञ विद्यार्थी हा आपल्या एडिटरचा दोष मानतो. खरी गोष्ट अशी की, जे लिहिण्याच्या वेळी अस्तित्वातच नाही ते लिहिलेल्या मजकुराच्या सूचीत येणार कसे? लेखनकाळ, बांधणीकाळ आणि वापरकाळ हे तीन काळ वेगळे ओळखता आले तरच एडिटरला कोणत्या निर्देशिका दाखवावयाच्या हे ठरविता येते.

या दृष्टीने आयआयटी मुंबईत लिहिल्या गेलेल्या दोन टिपणांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. एक जीसीसीच्या संकल्पनात्मक रचनेवर, तर दुसरे कम्पायलरच्या टप्प्यांनुसार फाईलींचे गट पाडून दाखविणारे. दुसरे टिपण म्हणजे वरवर पाहता केवळ फाईलींची यादी होय. परंतु दफ्तरातील रुमालांची खातेवार वर्गवारी जे काम करते तेच ते करते. कोणत्या टप्प्याला कोणत्या फाईली, हे एकदा ठरले म्हणजे सूची त्या गटापुरती करता येते आणि एडिटरमधील शोध आटोक्यात येतो. अशा टिपणांतील माहिती कोणत्याही एडिटरच्या उत्पादकाला पुरविता आली नसती.

पुण्यात याच प्रश्नाला निराळे उत्तर शोधले गेले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व संकल्पन केंद्राने मोठ्या व्यावसायिक प्रणालींचा आराखडा प्रथम एका समान भांडारात नोंदवावा आणि त्यातून आज्ञावली यंत्राने निर्माण करावी, ही दिशा धरली. मास्टरक्राफ्ट ही साधने त्या विचारातून आली. तेथे वाचावयाचा मूळ मजकूर आज्ञावली नसून आराखडा ठरतो. पवईने अरण्याचा नकाशा केला. पुण्याने नकाशावरून अरण्य लावण्याचा प्रयत्न केला. दोन्हीकडे नकाशा लिहून ठेवण्याची निकड एकच होती.

६. सूचीकाराऐवजी सेवक

२०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड हा एडिटर जाहीर केला आणि २०१६ च्या जून महिन्यात रेड हॅट व कोडेन्व्ही यांच्यासह लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल ही संवादपद्धती पुढे आणली. तोपर्यंत प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेचे ज्ञान स्वतंत्रपणे द्यावे लागे. १० एडिटर आणि १० भाषा असतील तर १०० जोडण्या. नव्या पद्धतीत भाषेचे ज्ञान सर्व्हर नावाच्या स्वतंत्र प्रक्रियेकडे राहते आणि एडिटर तिला ठराविक भाषेत प्रश्न विचारतो : या नावाची व्याख्या कोठे आहे, हे नाव कोठे वापरले आहे. त्यामुळे १०० ऐवजी २० जोडण्या पुरतात. व्हिम किंवा ईमॅक्स वापरणाऱ्यालाही तोच सर्व्हर उपयोगी पडतो. ढमढेरे यांच्या वर्गीकरणातील रचना-एडिटर असा पडदा-एडिटरच्या पाठीमागे येऊन उभा राहिला.

सी व सी++ साठी प्रचलित असलेला क्लँगडी हा सर्व्हर कम्पायलरच्याच अंगाने फाईल वाचतो. म्हणून कम्पायलरला जे सांगावे लागते ते त्यालाही सांगावे लागते : शीर्षफाईली कोणत्या निर्देशिकांत आहेत, कोणते पर्याय चालू आहेत. ही माहिती प्रत्येक फाईलीसाठी कम्पाइल-आज्ञांच्या एका स्वतंत्र नोंदफाईलीत दिलेली असते. लिनक्ससह अनेक प्रकल्पांत ती निर्माण करण्याची सोय आहे. ही फाईल नसेल तर सर्व्हर अंदाज करतो आणि अचूक आज्ञावलीतही शेकडो चुका दाखवू लागतो. नवखा विद्यार्थी येथे घाबरून मागे फिरतो. वास्तविक त्याची आज्ञावली चुकलेली नसते. प्रकल्पाची बांधणी कशी होते हे त्याने एडिटरला सांगितलेले नसते.

येथे इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण होते. छापील यादीच्या काळात नावांची तालिका कम्पायलरने दिली. सीटॅग्सच्या काळात ती कम्पायलरपासून सुटून स्वतंत्र साधनाकडे गेली. ती चपळ झाली, पण अंदाजाने चालू लागली. लँग्वेज सर्व्हरच्या काळात ती पुन्हा कम्पायलरच्या घरी परतली. अचूकता वाढली, आणि तिची किंमतही. कोट्यवधी ओळींची सूची करण्यास वेळ लागतो, स्मृती लागते, आणि सामान्य संगणकावर हा भार जाणवतो. म्हणून सीटॅग्स व सीस्कोप इतिहासजमा झालेली नाहीत. जुन्या यंत्रावर काम करणाऱ्याला ५० वर्षांपूर्वीची ती काटकसर आजही उपकारक आहे.

७. अभ्यासक्रम आणि काष्टीचा विद्यार्थी

काष्टी हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदे तालुक्यातील गाव. १८७८ मध्ये खुला झालेला दौंड–मनमाड लोहमार्ग येथून जातो. जनावरांच्या आठवडे बाजाराने त्याचे नाव दूरवर पोचविले. शेती व बाजार यांवर उभ्या असलेल्या अशा गावांपर्यंत गेल्या काही दशकांत अभियांत्रिकी शिक्षण पोचले, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत पुणे व नाशिक यांच्याबरोबर हा जिल्हाही येतो. तेव्हा पवईतील प्रयोगशाळेत जे ज्ञान शेजारच्या खुर्चीवरून मिळते ते येथे कोणत्या मार्गाने पोचते, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

काही मार्ग निश्चितच निर्माण झाले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील सी भाषेचे धडे मराठी निवेदनातही उपलब्ध झाले. त्यांत पहिला प्रोग्राम जीएडिट या साध्या एडिटरमध्ये लिहून दाखविला आहे. आरंभासाठी ही निवड योग्यच होय. परंतु एका फाईलीचा धडा आणि लाखो ओळींचा प्रकल्प यांमधील पायऱ्या सामान्यतः कोणत्याच अभ्यासक्रमात बांधलेल्या नसतात. ही उणीव केवळ ग्रामीण महाविद्यालयांची आहे असे समजण्याचे कारण नाही. एमआयटीमध्येही २०२० च्या जानेवारीत एडिटर, शेल व तत्सम साधने शिकविणारा एक छोटा वर्ग घ्यावा लागला आणि त्याला अभ्यासक्रमातील हरवलेले सत्र अशा अर्थाचे नाव देण्यात आले. फरक इतकाच की, तेथे ही उणीव शेजाऱ्याला विचारून भरून निघते. काष्टीत शेजारीही त्याच शोधात असतो.

तथापि या विद्यार्थ्याजवळ जे आधीच आहे त्याची दखल घेतली गेलेली नाही. पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात सिस्टिम्स प्रोग्रामिंग हा विषय शिकविला गेला आहे आणि त्याच्या प्रात्यक्षिकांत दोन फेऱ्यांचा असेम्ब्लर लिहिण्याचा पाठ परिचित आहे. पहिल्या फेरीत असेम्ब्लर मजकूर वाचून प्रत्येक नाव व त्याचे स्थान यांची नामसूची तयार करतो. दुसऱ्या फेरीत त्या नामसूचीच्या आधारे नावांच्या जागी पत्ते घालतो. दोन फेऱ्या लागतात, कारण एखादे नाव व्याख्येच्या आधीच वापरात आलेले असू शकते. आता सीटॅग्सचे कार्य पाहिले तर ते पहिल्या फेरीहून तत्त्वतः भिन्न नाही. भेद इतकाच की, येथे दुसरी फेरी यंत्र करीत नाही; वाचणारा मनुष्य करतो. ज्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने नामसूची बांधली आहे त्याला एडिटरची सूची हा चमत्कार वाटण्याचे कारण नाही. मॅक्रोमुळे नाव का हरवते हेही त्याने मॅक्रो-प्रक्रियकाच्या प्रात्यक्षिकात अनुभवलेले असते.

म्हणून एडिटरची मांडणी हा नवा विषय म्हणून अभ्यासक्रमात घुसडण्याची आवश्यकता नाही. जुन्या विषयाचे दार उघडले तरी पुरे. असेम्ब्लरची पहिली फेरी लिहून झाल्यावर विद्यार्थ्याने एखाद्या मोठ्या मुक्त आज्ञावलीवर सीटॅग्स चालवावे. कोणती नावे सूचीत आली नाहीत ती वेगळी काढावीत. ती मॅक्रोतून आली, बांधणीत निर्माण झाली, की दुसऱ्या यंत्ररचनेसाठी होती, हे शोधावे आणि त्यानुसार मांडणी सुधारावी. या शोधात जे हाती येईल ते एका टिपणात नोंदवावे. पवईतील फाईल-गटांच्या टिपणाचे महत्त्व नेमके यातच आहे की, ते एकदा लिहिले गेल्यावर लेखकाच्या शेजारी बसण्याची गरज उरली नाही. अशी टिपणे मराठीत लिहिली गेली तर तालुक्याच्या गावातील वर्गांपर्यंत ती थेट पोचतील.

८. उपसंहार

छिद्रित पत्त्यांपासून लँग्वेज सर्व्हरपर्यंतच्या या प्रवासात साधने अनेकदा बदलली. मूळ प्रश्न बदलला नाही. बृहत् आज्ञावली एका मनुष्याच्या स्मृतीत मावत नाही, म्हणून तिची सूची स्मृतीबाहेर ठेवावी लागते. ती प्रथम छापील पानावर राहिली, मग फाईलीत आणि आता एका सतत चालणाऱ्या प्रक्रियेत. प्रत्येक वेळी यंत्राने अधिक भार उचलला. परंतु प्रकल्पाची रचना काय आहे, त्याचे कोणते भाग कोणत्या काळी अस्तित्वात येतात, हे यंत्राला सांगण्याचे काम मनुष्याकडेच राहिले. ते काम ज्यांनी केले त्यांची नावे एडिटरच्या इतिहासात क्वचितच येतात. सूचीकाराचे श्रम सूची वापरणाऱ्याला दिसत नाहीत, हा दफ्तराचाही अनुभव आहे. पवईच्या प्रयोगशाळेतील आणि काष्टीच्या वर्गातील अंतर कमी व्हावयाचे असेल तर ते वेगवान यंत्रांच्या पुरवठ्याने जितके कमी होईल त्याहून अधिक या अदृश्य श्रमांना अभ्यासाचा दर्जा दिल्याने होईल.